बेगक्काच्या दोन लायब्रऱ्या

बेगक्का कधी खुर्चीत पाठ टेकून बसत नसे. काठावर टेकायची, एक पाय दाराच्या दिशेला, हातात स्कूटरची किल्ली. समोरच्या पडद्यावर फोटो उघडायला जो काही क्षण लागायचा तोही तिला सहन व्हायचा नाही. किल्लीने टेबलावर टकटक करत ती म्हणायची, "बेगा, बेगा." कन्नडमध्ये बेगा म्हणजे लवकर. हे ती संगणकाला म्हणायची, रिक्षावाल्याला म्हणायची, उकळी न येणाऱ्या चहाला म्हणायची, आणि एकदा एका लग्नात मंगलाष्टकं लांबवणाऱ्या भटजींनाही मी तिला हळूच म्हणताना ऐकलं आहे. तिचं खरं नाव पद्मा. पण म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या त्या गल्लीत तिला सगळे बेगक्काच म्हणायचे, तोंडावरही. फोन उचलून ती स्वतःच सांगायची, "हां, बेगक्का बोलतेय, सांगा."

नवऱ्याला म्हैसूरला कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून हूटगळ्ळीला आलो, त्या वर्षीची गोष्ट. साताऱ्यात मी एका स्टुडिओत फोटो एडिटिंग करत होते. इथे घरात बसून कंटाळले होते. शेजारणीने सांगितलं, मेटगळ्ळीत एक मराठी बाई आहे, फोटोग्राफर, तिला माणूस हवं आहे. मी गेले. बेगक्काने मला एका नवरीचा फोटो उघडून दिला. कार्यालयातल्या दिव्यांमुळे नवरीचा चेहरा हिरवट पडला होता. मी तो रंग सुधारत होते तोवर ती दोनदा बाहेर जाऊन आली, एक फोन झाला, एक भांडण झालं. मग माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "उद्यापासून ये. आत्तापासून बसलीस तरी चालतंय."

तिचं घराणं कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आलेलं. घरात मराठी, पण वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठे वळून कन्नडमध्ये शिरायचं ते तिलाही कळत नसावं. माझ्या बोलण्याची तिला गंमत वाटायची. "तुझी मराठी इस्त्री केल्यासारखी आहे गं मेधा," ती म्हणायची. "आमची बघ, सुम्ने, उगीच आपली दोरीवर वाळत घातलेली."

कामं दोन प्रकारची. लग्नं, मुंजी, बारशी. आणि शहरापलीकडच्या कडकोळच्या कारखान्यांमधल्या यंत्रांचे आणि मालाचे फोटो. लग्नात ती स्टुलावर चढायची, टेबलावर चढायची. कारखान्यात हेल्मेट घालून यंत्राच्या पोटात शिरायची. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण तिच्याबरोबर चालताना मला धाप लागायची.

या सगळ्या फोटोंची एक लायब्ररी होती. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मूळ फोटो मोठ्या हार्ड डिस्कवर तसेच्या तसे पडलेले असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. कुठला फोटो कुठे आहे, त्यातला रंग किती वाढवला, कडा कुठे कापल्या, हे सगळं लायब्ररी लक्षात ठेवते. लायब्ररी हरवली तर फोटो राहतात, त्यांच्यावर केलेलं काम जातं. आणि ती एका वेळी एकाच संगणकावर उघडायची असते. दोन ठिकाणी उघडली की तिच्या दोन लायब्रऱ्या होतात, दोघींच्या आठवणी वेगळ्या, आणि मग खरी कुठली हे ठरवत बसावं लागतं.

बेगक्काचे संगणक तीन. एक स्टुडिओत, माझ्यासमोर. एक लॅपटॉप, जो तिच्याबरोबर कडकोळला जायचा. आणि एक हूटगळ्ळीच्या घरी, अण्णांसमोर. अण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ. स्टुडिओ मुळात त्यांचा. तिच्या हातात पहिला कॅमेरा त्यांनीच दिला होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. मी नोकरीला लागायच्या थोडं आधी अण्णांना झटका आला होता आणि त्यांची डावी बाजू गेली होती. उजवा हात चांगला होता, बोलणं स्वच्छ होतं. फोटो निवडायचे, कापायचे, रंग लावायचे, हे काम ते घरी बसून करायचे. लायब्ररी एका लहान डिस्कवर होती आणि ती डिस्क पंच्यात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून बेगक्का स्कूटरवरून इकडून तिकडे न्यायची. सकाळी घरून स्टुडिओत, दुपारी परत घरी. दिवसातून कितीतरी वेळा तिचा फोन यायचा. "बंद केलीस का लायब्ररी? नीट बंद केलीस, अल्वा, हो ना? बघ परत."

लागल्या लागल्या माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला छळायला लागली. अण्णांकडून आलेल्या फोटोंचे रंग अप्रतिम असायचे. हळद हळदीसारखी, रेशमी साडीचा हिरवा रंग अगदी तोच हिरवा. पण कापणं विचित्र. नवरा-नवरीच्या डावीकडे उभी असलेली माणसं कापून टाकलेली. आई गेली, करवली गेली, कुणाचा अर्धा खांदा उरला. बेगक्का येऊन शेजारी टेकायची आणि म्हणायची, "हे उघड. हे पण उघड. डावीकडं सोड." मी फोटो पुन्हा पूर्ण करायची, तिथूनच छपाईला पाठवायची. आणि दुसऱ्या दिवशी डिस्क परत आली की तेच फोटो डिस्कवरच्या लायब्ररीत पुन्हा कापलेले.

मला वाटलं डिस्कमध्ये काही बिघाड आहे. मग कळलं की बेगक्का स्टुडिओत आली की डिस्कवरच्या लायब्ररीची एक प्रत स्टुडिओच्या संगणकावर घ्यायची. दुरुस्ती त्या प्रतीत. डिस्क जशी आली तशीच परत जायची. म्हणजे ज्याची भीती म्हणून ती दिवसभर फोन करायची, तेच ती रोज स्वतःच्या हाताने करत होती. दोन लायब्रऱ्या, आणि नवं लग्न आलं की ते दोन्हींत घालायचं. गोंधळ इतका वाढला होता की कधी एका लग्नाची माणसं दुसऱ्या लग्नाच्या नावाखाली सापडायची.

मी तिला म्हटलं, "अक्का, ही डिस्कची ने-आण कशाला? एकच लायब्ररी नेटवर ठेवू. तिन्ही संगणकांना तीच दिसेल. इथे केलेलं तिथे आपोआप कळेल."

"नको," ती म्हणाली.

"तुमची किती धावपळ वाचेल."

"नको म्हटलं ना." आणि किल्ली घेऊन गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं. मला तेव्हा उलगडा झाला नाही. मी मनात म्हटलं, बाईला धावायचीच सवय आहे.

मग एका दुपारी ती म्हणाली, "चल, घरी ऊटा कर आमच्यात." ऊटा म्हणजे जेवण. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. अण्णा व्हीलचेअरवर, दाढी गुळगुळीत केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला त्यांनी साताऱ्याबद्दल किती प्रश्न विचारले. जेवायला बसलो. ताटात उजवीकडे भात-सारू, डावीकडे घेवड्याची भाजी आणि कोशिंबीर. अण्णा जेवत होते, गप्पा मारत होते. भात संपला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "आज भाजी नाही केलीस का, पद्मा?"

भाजी तिथेच होती. मी बोलायला तोंड उघडलं तोच बेगक्काने उभ्या-उभ्याच वाकून त्यांचं ताट अर्धं फिरवलं. "केली की," ती म्हणाली, "आत्ता वाढली." अण्णा भाजी खाऊ लागले. माझा घास हातातच राहिला.

परत येताना तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला, एका बंद फाटकाशी थांबवली. कधी न थांबणारी बाई. हेल्मेट काढलं नाही, माझ्याकडे वळलीही नाही. "डोळे चांगले आहेत त्याचे," ती म्हणाली. "डाक्टर म्हणाले, मेंदूच डावीकडं बघायचं विसरलाय. आणि विसरलाय हे पण त्याला कळत नाही. त्याला अर्धं दिसत नाही, मेधा. त्याला पूर्ण दिसतं. फक्त ते पूर्ण अर्धं असतं."

मी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"हाताबद्दल सांगितलं, पायाबद्दल सांगितलं. हास्पिटलातून आला तर भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. दाढी करू देईना, कुणाशी बोलेना. एक दिवस सुम्ने एक फोटो उघडून माउस त्याच्या हातात दिला. तासभर बसला. मग म्हणाला, पद्मा, गरम पाणी ठेव, दाढी करतो." तिने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "तो फोटो बघितला तर नवरीची आई कापलेली. आता तू सांग. तू सांगितलं असतंस?"

तिला उत्तर नको होतं. तिने स्कूटर सुरू केली.

त्या दिवसापासून मीही त्यात सामील झाले. आता तिची घालमेल मला आतून कळायला लागली. अण्णांनी केलेलं काम अण्णांना तसंच दिसलं पाहिजे आणि लोकांकडे मात्र पूर्ण फोटो गेला पाहिजे. म्हणून छापलेला अल्बम घरी न्यायचा नाही. अण्णांच्या फोनवर कुणी फोटो पाठवू नये म्हणून गिऱ्हाइकांना नंबर द्यायचा नाही. अण्णांना एखादा फोटो पुन्हा बघावासा वाटला तर घरच्या संगणकावर तो त्यांच्याच कापणीचा हवा. एकदा चुकून डिस्क स्टुडिओत राहिली आणि स्टुडिओतली दुरुस्त लायब्ररी असलेला लॅपटॉप घरी. बेगक्काला ते कडकोळला पोचत आल्यावर आठवलं. कारखान्याचे साहेब वाट बघत असताना ती तशीच मागे वळली, शहर ओलांडून घरी आली, लॅपटॉप उचलला आणि अण्णांना म्हणाली, "काही नाही, चार्जर राहिला होता." अण्णा म्हणाले, "तुला इतकी घाई कसली असते गं नेहमी?" हे तिने मला हसत हसत सांगितलं. हसून झाल्यावर लॅपटॉप पिशवीत आहे ना ते तिने पुन्हा बघितलं.

हे फार दिवस चालणारं नव्हतं. ते मोडलं मात्र एका चांगल्या गोष्टीने.

एका लग्नाचा अल्बम आम्ही दिला होता. नवरीच्या आईवडिलांना तो इतका आवडला की चिरोट्यांचा डबा घेऊन ते आभार मानायला आले. स्टुडिओला कुलूप होतं, कारण बेगक्का कडकोळला आणि मी डिस्क द्यायला हूटगळ्ळीला. गल्लीतल्या कुणीतरी त्यांना घर दाखवलं. मी दार उघडलं तर दारात दोघं, हातात डबा आणि काखेत अल्बम. अण्णांनी आवाज ऐकला आणि आतूनच म्हणाले, "बन्नी, बन्नी." या, या. मी काय करणार होते?

कितीतरी दिवसांनी घरी गिऱ्हाईक आलं होतं. अण्णा खुलले. अल्बम मांडीवर घेऊन एकेक पान बघू लागले. ते रंगांकडे बघत होते. छपाई चांगली उतरली आहे म्हणाले. तेवढ्यात बेगक्काचा फोन आला. मी हळू आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "बंदे." आलेच. कडकोळहून ती कितीही वेगाने आली तरी वेळ लागणार होता.

एका पानावर नवरीची आई पुढे झाली. "अण्णा, या फोटोसाठी खास आले मी," ती कन्नडमध्ये म्हणाली. "हे आमचे सासरे. गेल्या महिन्यात गेले. लग्नात ते खोलीतून बाहेर आले ते एवढ्याच वेळापुरते. हा एकच फोटो आहे त्यांचा." बोलता बोलता तिने बोट नवरीच्या चेहऱ्यावर ठेवलं आणि ते डावीकडे सरकवत नेलं. अण्णांची नजर त्या बोटामागून गेली. मान हळूहळू वळली. बोट थांबलं तिथे काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते, नातीकडे बघत.

अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छान आले आहेत." पाहुण्यांना त्यांनी कॉफी घेतल्याशिवाय सोडलं नाही. ते निघाले तेव्हा अल्बम एक दिवस राहू द्याल का असं अण्णांनी विचारलंही नाही. दार लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेधा, तो फोटो उघड. माझा."

मी उघडला. नवरी होती, तिच्या उजवीकडे नवरा होता. म्हातारे नव्हते.

बेगक्का आली तेव्हा हेल्मेट डोक्यावरच होतं. अण्णा म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपवर तोच फोटो काढ. दोन्ही शेजारी लावा." तिचे हात चालेनात, म्हणून मी लॅपटॉप घेतला, फोटो उघडला आणि प्लग जिकडे होता तिकडे, त्यांच्या पडद्याला लागून ठेवला. अण्णा बघत राहिले. थांबले. मग म्हणाले, "दुसरा कुठे आहे?"

लॅपटॉप त्यांच्या डाव्या हाताला होता, अगदी जवळ. बेगक्काने तो उचलला, त्यांच्या खुर्चीमागून फिरून उजव्या बाजूला आली आणि तिथे ठेवला.

तेव्हा त्यांना कळलं. फोटोचं नव्हे, सगळंच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"सगळे?"

"सगळे नाही अण्णा. जिथं डावीकडं माणूस होता तिथं."

"आयतु," ते म्हणाले. झालं. "बंद करा आता." मी निघाले. त्यानंतर त्या भावाबहिणीत काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढचे बरेच दिवस अण्णांनी संगणकाला हात लावला नाही. दाढी मात्र रोज करत होते, हे बेगक्का मला स्टुडिओत येऊन सांगायची, जणू तापाचा आकडा सांगावा तसं. डिस्क न्यायची नव्हती, आणायची नव्हती. तिची बेचैनी दुप्पट झाली. कारण नसताना स्टुडिओची कपाटं रिकामी करून पुन्हा भरायची. माझ्यावर ओरडायची, मग केळ्याचे वेफर्स आणून टेबलावर ठेवायची. एका लग्नात तर कॅमेरा हातात घेऊन ती नुसती उभीच राहिली. मी कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आली. "मी चूक केली का गं?" हे तिने मला एकदाही विचारलं नाही. पण माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात करायची आणि वेगळंच काहीतरी बोलून जायची.

मग अण्णांचा मला फोन आला, थेट. "येताना लाल चिकटपट्टी घेऊन ये. भडक लाल."

त्यांनी मला ती पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत लावायला सांगितली. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने असं काहीतरी सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी कानाआड केलं होतं. "आता फोटो उघड," ते म्हणाले. फोटो उघडल्यावर ते मान वळवत वळवत डावीकडे जायचे, पट्टी सापडेपर्यंत. सापडली की म्हणायचे, "हां, हा काठ." मगच कापायला घ्यायचे. पहिल्या दिवशी मोजके फोटो झाले आणि ते घामाघूम झाले. बेगक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोनदा तिने पुढे यायला पाऊल उचललं आणि दोनदा मागे घेतलं.

त्यानंतर दोन लायब्रऱ्यांची एक करायची होती. नवी ती खरी धरून यंत्राकडून ते झटकन झालं असतं. अण्णांनी नकार दिला. जिथे दोघींत फरक आहे तो प्रत्येक फोटो त्यांना बघायचा होता. मी रोज दुपारी जाऊन बसायची. आधी त्यांचा, मग आमचा. ते लाल पट्टीपर्यंत जायचे, सुटलेली माणसं बघायचे, आणि ठरवायचे. कधी म्हणायचे, "इथं पद्माचं बरोबर." कधी म्हणायचे, "नाही, हा मामा तसाही कापण्याच्याच लायकीचा होता, तोंडात पान आहे बघ." तेव्हा स्वयंपाकघरातून बेगक्काच्या हसण्याचा आवाज यायचा. कितीतरी दिवसांनी.

ते काम संपल्यावर आम्ही एकच लायब्ररी नेटवर ठेवली. अण्णांनी घरी फोटो उघडला की मला स्टुडिओत दिसायचा, बेगक्काला कडकोळला दिसायचा. डिस्क नेण्याचं काही कारण उरलं नाही. तरी दुपारी ती डब्याची पिशवी घेऊन स्टुडिओत यायची, इकडे-तिकडे बघायची आणि विचारायची, "काही न्यायचं आहे का घरी?" नाही म्हटलं की रिकामी पिशवी घेऊन घरी जायची. पहिल्या पहिल्यांदा अण्णांच्या फोटोवर माझ्या आधी तिची नजर पडायची. एखादा कोपरा निसटला असेल तर ती हात न लावता त्यांना फोन करायची. "अण्णा, डावीकडं बघ." तेवढंच. ते तीन शब्द उच्चारायला तिला किती कष्ट पडायचे ते मी शेजारी बसून बघितलं आहे.

पुढे नवऱ्याची पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला मी गेले तेव्हा बेगक्का एका साखरपुड्याला निघाली होती. स्कूटर चालू ठेवूनच तिने माझ्या हातात म्हैसूरपाकाचा डबा दिला. "पोचलीस की फोन कर. न पोचता पण कर," म्हणाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. मी पुण्यातूनही तिचं थोडं काम करत राहिले. चौथा संगणक माझा.

यंदा अण्णा गेले. झोपेतच. मी दिवसकार्याला जाऊन आले. त्यानंतर थोड्या दिवसांनी बेगक्काने पुन्हा बोलावलं, घरचा संगणक आवरायचा होता. त्याला ती लहान डिस्क अजून जोडलेली होती आणि तिच्यावर अण्णांची जुनी लायब्ररी तशीच होती, पहिल्या काळातली, कापलेली. मी विचारलं, "अक्का, ही आता लागत नाही. काढून टाकू?"

"ती पण घे," ती म्हणाली. "तेव्हा त्याला जेवढं दिसलं तेवढ्यात त्यानं काही कमी केलं नाही."

प्रत सुरू झाली. फोटो पुष्कळ, वेळ लागणार होता. ती दारापर्यंत जाऊन आली, खिडकी उघडली, लावली. मग माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "ते पाहुणे येऊन गेले त्या दिवशी अण्णा मला काय म्हणाला, माहीत आहे? म्हणाला, मला वाटायचं मी काम करतोय. तू मला खेळायला दिलं होतंस." तिचा आवाज सपाट होता. "नंतर कधी बोलला नाही तसं. चांगलाच वागला. पण ते डोक्यातनं जात नाही गं. गाडी चालवताना ऐकू येतं."

मी खुर्ची वळवली. मला आठवलं ते तिला माहीत असेल असंच मी इतके दिवस धरून चालले होते. "अक्का, दोन लायब्रऱ्या एकत्र करत होतो ना, तेव्हा तुम्ही बाजारात गेला होतात एकदा. अण्णा फोटो बघता बघता थांबले. म्हणाले, पद्माने हे केलं नसतं तर मी पहिल्याच महिन्यात संपलो असतो. आज ही पट्टी शोधायला मी उरलो तो तिच्या त्या खोटेपणामुळे."

पडद्यावर फोटोंची नावं सरकत होती.

"असं म्हणाला?"

"हो."

"कन्नडमध्ये की मराठीत?"

मला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "कन्नडमध्ये तो सगळ्यांचं मन राखायचा. दुकानात, गिऱ्हाइकाशी, डाक्टरांशी. गोड गोड. मराठीत त्याला ते जमायचं नाही."

"मराठीत म्हणाले," मी सांगितलं.

बेगक्काने मान हलवली, पुन्हा एकदा हलवली. पदराने चेहरा पुसला, हेल्मेट घेतलं, किल्ली शोधली. कडकोळला तिची वाट बघत होते. "झालं की कुलूप लाव," ती म्हणाली, आणि गेली.